गेमिंगचा हेडफोन आणि आपल्या कानांची आवड

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा विचारला जातो आहे : गेम खेळण्यासाठी कोणता हेडफोन घ्यावा? बहुतेकांना उत्तरात एखाद्या मॉडेलचे नाव हवे असते. नुसते नाव मी सहसा सांगत नाही, कारण एकाच हेडफोनचा आवाज एका वाचकाला भरदार वाटतो, दुसऱ्याला घुमणारा वाटतो आणि दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात. म्हणून या वेळी ज्या पत्रांतून ऐकणाऱ्याची आवड, त्याचे गेम आणि त्याची अडचण स्पष्ट कळते, अशी काही पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मला संगीत ऐकताना भरपूर बेस आवडतो. माझे मित्र म्हणतात की नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये बेस म्हणजे अडथळाच, तेव्हा तू ‘फ्लॅट’, म्हणजे कोणताच स्वर न उचललेल्या, आवाजाचा हेडफोन घे. त्यांच्याकडचा तसा हेडफोन लावून पाहिला, तर मला सारेच निर्जीव वाटले. मी मोठे कथाप्रधान गेमही तितक्याच आवडीने खेळतो. माझी आवड चुकीची आहे का?

उत्तर : आवड चुकीची नाही आणि ती अपवादात्मकही नाही. हार्मन या ध्वनी-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे श्रोत्यांना वेगवेगळ्या ध्वनिरचनांचे हेडफोन ऐकवून त्यांची पसंती नोंदवली. त्या अभ्यासात श्रोत्यांचे तीन गट दिसून आले. सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना हार्मनने ठरवलेल्या लक्ष्यरेषेच्या (कोणता स्वर किती मोठा असावा, हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) जवळचा आवाज आवडला, सुमारे १५ टक्के श्रोत्यांना त्याहून ३ ते ६ डेसिबल अधिक बेस हवा होता आणि सुमारे २१ टक्के श्रोत्यांना २ ते ३ डेसिबल कमी. अधिक बेस मागणाऱ्यांत तरुण आणि पुरुष जास्त होते, तर कमी बेस मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले श्रोते. ही लक्ष्यरेषासुद्धा मोजपट्टीने आखल्यासारखी सपाट नाही. तिच्यात खालच्या स्वरांना मुद्दाम उठाव दिलेला आहे, कारण चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरवर ऐकताना कानांना तसाच आवाज येतो. तुमच्या मित्रांचा ‘फ्लॅट’ हेडफोन तुम्हाला निर्जीव वाटला, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

तरीही तुमच्या मित्रांचे म्हणणे मी सर्वस्वी खोडून काढणार नाही, कारण त्यामागे कानाच्या रचनेचा एक खरा नियम आहे. मोठा खर्जाचा आवाज आपल्याहून वरच्या पट्टीतले हलके आवाज झाकून टाकतो. वरच्या पट्टीतला मोठा आवाज खालच्या आवाजाला तितका झाकू शकत नाही. गेममध्ये शेजारी स्फोट होतो आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे कोणी चालत असते, तेव्हा हा नियम प्रत्यक्ष अनुभवाला येतो.

मात्र ‘बेस’ या एका शब्दात आपण बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्फोटाचा पोटात जाणवणारा हादरा साधारण ८० हर्ट्झच्या खाली असतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका मोठा तितका स्वर उंच). लाकडी जमिनीवर पडलेल्या पावलाचा ‘धप्’ हा भाग बहुधा १०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास, आणि खडीवर बूट घासल्याची करकर किंवा लोखंडी जिन्यावरचा टणत्कार २,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे आपला कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो त्याच पट्ट्यात. आता दोन हेडफोन घ्या. दोन्ही बेससाठी प्रसिद्ध आहेत असे समजा. पहिल्यात उठाव ८०-१०० हर्ट्झपाशी संपतो आणि पुढे आवाज समतोल राहतो. दुसऱ्यात तो उठाव पसरत पसरत ३०० हर्ट्झपर्यंत येतो. पहिल्यात हादराही मिळेल आणि पावलेही कळतील. दुसऱ्यात पात्रांचे संवाद कोंदट वाटतील, पावलांचा ‘धप्’ सगळीकडून सारखाच येईल आणि दोष मात्र सरसकट ‘बेस’ला दिला जाईल. तुम्ही पहिल्या प्रकारचा हेडफोन शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो ओळखायचा कसा? एखाद्या गेमच्या सराव कक्षात चालू इंजिनाशेजारी किंवा घरघरणाऱ्या यंत्राजवळ उभे राहा आणि सहकाऱ्याला तुमच्याभोवती लाकडी, लोखंडी आणि मातीच्या जमिनीवरून चालायला सांगा. यंत्राची घरघर खालून येत राहिली आणि तिच्यावर पावले सुटी सुटी ऐकू आली, जमीन बदलल्याचे डोळे मिटूनही कळले, तर तो बेस तुम्हाला मानवणारा आहे. घरघर आणि पावले एकमेकांत मिसळू लागली, तर मात्र तो हेडफोन संगीतासाठी कितीही आवडला तरी सामन्यांसाठी सोडून द्यावा.

आणखी एक सोय तुमच्या हातात आहे. संगणकावर इक्वलायझर एपीओसारखे, स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणारे विनामूल्य सॉफ्टवेअर घालून आवाजाच्या दोन रचना साठवून ठेवता येतात, आणि हल्ली अनेक हेडसेटबरोबर येणाऱ्या ॲपमध्येही ही सोय असते. कथाप्रधान गेमसाठी हेडफोन आहे तसा ठेवा. सामन्याच्या वेळी १०० हर्ट्झच्या खालचा भाग तीन-चार डेसिबलने उतरवा आणि २०० हर्ट्झच्या आसपास किंचित कपात करा. मुळात असलेला बेस कमी करणे सोपे असते. मुळात नसलेला बेस इक्वलायझरने वाढवायला गेलात, तर लहान किंवा मागून उघड्या (कपाची मागची बाजू जाळीदार असलेल्या) हेडफोनमध्ये आवाज फाटू लागतो. एखादा पट्टा वाढवलाच, तर तितक्याच डेसिबलने एकूण पातळी खाली आणायला विसरू नका, अन्यथा मोठ्या आवाजांची टोके कापली जातात. भरपूर बेस आवडणाऱ्याने आपल्या आवडीचा हेडफोन घेऊन सामन्यापुरता बेस उतरवणे हा मार्ग मला उलट मार्गापेक्षा कितीतरी अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : परीक्षणांत ‘वॉर्म’, ‘ब्राइट’, ‘न्यूट्रल’, ‘व्ही-शेप’ असे शब्द वाचते, पण त्यांतले मला काय आवडते हेच मला ठाऊक नाही. आपली आवड आधी ओळखायची कशी?

उत्तर : तुमचा प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपली आवड माहीत नसताना घेतलेला महागडा हेडफोनही कपाटात पडून राहतो.

शब्दांचा अर्थ थोडक्यात असा. वॉर्म म्हणजे खालचे आणि मधले स्वर भरलेले, वरचे स्वर मवाळ. ब्राइट म्हणजे वरच्या स्वरांना धार. न्यूट्रल म्हणजे कोणत्याच पट्ट्याला ठळक झुकते माप नाही. व्ही-शेप म्हणजे खालचे आणि वरचे स्वर उचललेले, मधले मागे सारलेले. प्रत्यक्ष उदाहरणे द्यायची तर सेनहायझरचा एचडी ६५० हा मवाळ वरच्या स्वरांसाठी ओळखला जातो, त्याच कंपनीचा एचडी ५६०एस समतोलाकडे झुकतो आणि बेयरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोमध्ये बेसही उचललेला असतो व ८,००० हर्ट्झच्या आसपास चांगलीच धार असते. हे तिन्ही मागून उघडे हेडफोन आहेत आणि तिघांचेही निस्सीम चाहते आहेत. डीटी ९९० प्रोवर काहींना काडतूस जमिनीवर पडल्याचा बारीक आवाजही स्वच्छ ऐकू येतो म्हणून तो प्रिय असतो, तर काहींचे कान अर्ध्या तासात शिणतात.

आवड ओळखण्यासाठी आधी तुमच्याकडे आज जे काही आहे त्यावरच लक्ष देऊन ऐका. ज्या गेमचा आवाज तुम्हाला पाठ आहे, त्यातला एकच प्रसंग निवडा. त्यात संवाद असावेत, गर्दीची चकमक असावी आणि एखादी शांत जागाही असावी. पात्रांचे आवाज समोर बसून बोलणाऱ्या माणसाचे वाटतात की डब्यातून आल्यासारखे? धातूचे खणखणाट, काच फुटल्याचा आवाज आणि संवादातले ‘स’, ‘श’ कानाला टोचतात का? चकमकीत गोळीबार, ओरडा आणि संगीत वेगवेगळे ऐकू येतात की सगळ्याचा एक गोळा होतो? शांत जागी वारा, पाणी, दूरची चाहूल यांनी भोवती मोकळी जागा असल्याचे जाणवते का? मग इक्वलायझरवर एका वेळी एकच पट्टा तीन डेसिबलने हलवून तोच प्रसंग पुन्हा ऐका. कोणता बदल केल्यावर तुम्हाला बरे वाटले आणि कोणता केल्याबरोबर मागे घ्यावासा वाटला, हे वहीत लिहून ठेवा. अशा चार-सहा नोंदी झाल्या की परीक्षणांतले शब्द तुम्हाला आपोआप कळू लागतील, कारण तुमच्यापाशी त्यांना ताडून पाहायला स्वतःचा अनुभव असेल.

तुलना करताना आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवा. जो हेडफोन थोडा मोठ्याने वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, मग त्याची ध्वनिरचना कशीही असो. पाच मिनिटांत निर्णय करू नका. धार असलेला आवाज पहिल्या पाच मिनिटांत नेहमीच अधिक ‘स्पष्ट’ भासतो आणि त्याचा ताण तासाभराने कळतो. याउलट मवाळ आवाज सुरुवातीला झाकल्यासारखा वाटतो आणि कान सरावले की तोच सुखद होतो. म्हणून परत करण्याची मुदत मिळत असेल तर तिचा पूर्ण उपयोग करून घ्यावा.

तुम्ही साधारण किती मोठ्याने ऐकता, याचाही आवडीशी संबंध आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू केला की कानाला खालचे स्वर इतरांच्या मानाने अधिकच कमी ऐकू येतात. त्यामुळे हळू आवाजात खेळणाऱ्या व्यक्तीला थोडा जास्त बेस असलेला हेडफोन समतोल वाटतो, आणि तोच हेडफोन मोठ्या आवाजात जड वाटू लागतो. आपल्या नेहमीच्या पातळीवरच पारख करा.

खोक्यावर छापलेल्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या आकड्यांवरून काहीही ठरवू नका. त्या टोकांच्या मधे आवाज कुठे चढतो आणि कुठे उतरतो, याचा त्यातून पत्ता लागत नाही. ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’ (आवाज काढणारा आतला भाग) हेही तसेच. केवळ आकारावरून बेस किंवा स्पष्टता कळत नाही.

प्रश्न : ‘७.१ सराउंड’ (आवाज सगळ्या दिशांनी आल्याचा भास) असलेला हेडसेट घेतला, पण शत्रू पुढे आहे की मागे हेच कळत नाही. उलट साध्या स्टीरिओत मला बरे कळत होते. हेडसेट सदोष आहे का?

उत्तर : तसे वाटत नाही. तुमच्या हेडसेटमध्ये प्रत्येक कानापाशी बहुधा एकच ड्रायव्हर असेल आणि ‘७.१’ हा परिणाम सॉफ्टवेअरने निर्माण केलेला असेल. बाजारातील बहुतेक अशा हेडसेटची हीच रीत आहे.

डावे-उजवे आपल्याला दोन खुणांनी कळते. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, हा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद इतका असतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला वरचे स्वर कमी ऐकू येतात. पुढे-मागे आणि वर-खाली ओळखताना मात्र या दोन्ही खुणा अपुऱ्या पडतात, कारण बरोबर समोरच्या आणि बरोबर मागच्या आवाजात त्या सारख्याच असतात. तिथे बाह्यकर्णाच्या वळ्या उपयोगी पडतात. येणाऱ्या दिशेनुसार त्या वरच्या स्वरांत सूक्ष्म चढउतार करतात आणि मेंदू लहानपणापासून ते चढउतार वाचायला शिकलेला असतो. गेममधले एचआरटीएफ तंत्र हेच चढउतार गणिताने आवाजात घालते. अडचण एवढीच की त्यासाठी एखादे नमुन्याचे किंवा सरासरी डोके आणि कान धरलेले असतात, आणि तुमच्या कानाची घडण त्याहून वेगळी असू शकते. एकाला नेमकी दिशा दाखवणारे तंत्र दुसऱ्याला फसवते, ते यामुळे. म्हणजे ही गोष्टही बेसइतकीच ज्याच्या त्याच्या कानाची आहे.

तुमच्या बाबतीत मला दुसरीच शंका येते. व्हॅलोरंटसारख्या काही गेममध्ये एचआरटीएफ गेममध्येच असते. त्याच वेळी हेडसेटचा सराउंड किंवा विंडोजमधील ‘विंडोज सॉनिक’, ‘डॉल्बी ॲटमॉस’ यांपैकी काही चालू राहिले, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा पुसट होते. आधी बाहेरचे सर्व सराउंड बंद करा, गेममध्ये ‘हेडफोन’ किंवा ‘स्टीरिओ’ हा पर्याय निवडा आणि गेमचे स्वतःचे तंत्र चालू ठेवून काही दिवस खेळा, कारण कान नव्या खुणांना सरावायला थोडा वेळ घेतात. गेममध्ये अशी सोय नसेल, तर बाहेरचे एकच तंत्र चालू करून पाहा. एवढे करूनही साधा स्टीरिओच तुम्हाला अधिक कळत असेल, तर निःशंकपणे स्टीरिओ ठेवा. स्पर्धेत खेळणारे कितीतरी जण तेच करतात.

प्रश्न : मागून उघडा हेडफोन घ्यावा की बंद? मला चष्मा आहे आणि आमच्या घरात सतत माणसांचा वावर असतो.

उत्तर : उघड्या हेडफोनमध्ये आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता बाहेर मोकळा पसरतो, कानांना वारा लागतो आणि दूर-जवळचे अंतर अनेकांना अधिक सहज कळते. परंतु बाहेरचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे आत येते आणि तुमच्या गेमचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जातो. शिवाय अगदी खोल बेस त्यात सहसा बंद हेडफोनइतका येत नाही. तुम्ही सांगता त्या परिस्थितीत मी बंद हेडफोनच सुचवेन. गोंगाटात उघडा हेडफोन घेतला की माणूस नकळत आवाज वाढवत जातो आणि त्याचा मोकळेपणा उपभोगायची वेळच येत नाही.

चष्म्याची गोष्ट याहून अधिक लक्ष देण्याजोगी आहे. बंद हेडफोनचा बेस बऱ्याच अंशी कानाभोवती गादी घट्ट टेकण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी गादीखाली गेली की तिथे फट पडते आणि त्या फटीतून खालचे स्वर निसटतात. परीक्षणात ‘भरपूर बेस’ असे वाचून घेतलेला हेडफोन चष्म्यावर पोकळ वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. चष्मा लावूनच हेडफोन वाजवून पाहा, मग काडी हलकेच उचलून गादी नीट टेकवा आणि बेसमध्ये किती फरक पडतो ते ऐका. फरक मोठा असेल तर मऊ, जाड गादीचा आणि डोक्याला फार न आवळणारा हेडफोन शोधा. मखमली गादी काडीपाशी सुखद असते, मात्र रेक्झिनच्या गादीच्या मानाने ती थोडा बेस जाऊ देते. गादी झिजली की आवाज बदलतो, म्हणून बदलता येणारी गादी असलेलाच हेडफोन घ्यावा, असा माझा सगळ्यांनाच आग्रह असतो.

प्रश्न : माझा ब्लूटूथ हेडफोन गाण्यांसाठी उत्तम आहे, पण गेममध्ये माइक चालू करताच सगळा आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा होतो. गोळीचा आवाजही उशिरा येतो. नवा घ्यावा का?

उत्तर : गाण्यांसाठी तोच ठेवा. गेमसाठी मात्र दुसरी व्यवस्था करावी लागेल. पारंपरिक ब्लूटूथवर माइक सुरू झाला की जोडणी बोलण्यासाठीच्या वेगळ्या पद्धतीवर जाते. तिच्यात आवाज एकपदरी (मोनो) होतो आणि त्याचा वरचा टप्पा कापला जातो. सुधारलेल्या पद्धतीतही तो सहसा ८,००० हर्ट्झच्या पुढे जात नाही आणि जुन्या पद्धतीत ४,००० हर्ट्झवरच थांबतो. वर सांगितलेल्या पुढे-मागे ओळखण्याच्या खुणा बऱ्याच अंशी याच कापलेल्या भागात असतात. उशिराचे कारणही ब्लूटूथच आहे. सर्वसाधारण जोडणीत १५० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक विलंब होऊ शकतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हेडफोनला तारेची सोय असेल तर ती वापरणे आणि माइक वेगळा घेणे. हेडफोन ब्लूटूथवरच ठेवून माइक वेगळा जोडला, तरी आवाजाचा दर्जा परत येतो, विलंब मात्र राहतो. तार नकोच असेल, तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर (यूएसबीला लावायच्या छोट्या बिनतारी जोडणीवर) चालणारा हेडसेट घ्या. त्यात विलंब इतका कमी असतो की खेळताना सहसा जाणवत नाही. माइक निवडताना तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला परत ऐकवण्याची सोय आहे का, तेही पाहा. बंद हेडफोनमध्ये ती नसली की माणूस नकळत ओरडून बोलू लागतो.

प्रश्न : २५० ओहमचा हेडफोन ८० ओहमपेक्षा चांगला असतो का? लॅपटॉपला चालेल का?

उत्तर : ओहम हा विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आकडा आहे, दर्जाचा नाही. २५० ओहमच्या हेडफोनला त्याच पातळीचा आवाज काढायला अधिक व्होल्टेज लागते आणि बऱ्याच लॅपटॉपच्या किंवा गेमपॅडच्या जॅकवर तो हळू वाजतो. वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर कमी ओहमचा आणि चांगल्या संवेदनशीलतेचा (थोड्या विजेतही मोठा वाजणारा) हेडफोन घ्या.

प्रश्न : मला उजव्या कानाने फारच कमी ऐकू येते. माझ्यासाठी हेडफोनची निवड करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : निश्चितच आहे. तुमच्यासाठी ध्वनिरचनेची निवड इतरांहून अधिक महत्त्वाची आहे, कारण सगळी माहिती एकाच कानातून यायची आहे. आधी प्रणालीच्या सुगम्यता सेटिंगमध्ये जाऊन ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. ही सोय विंडोजमध्ये आणि प्रमुख कन्सोलवर आहे. तिच्यामुळे उजवीकडचे संवाद आणि आवाज डाव्या कानात येतील आणि काहीही निसटणार नाही. त्याबरोबर डावे-उजवे कळणे मात्र जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. ती उणीव भरून काढण्यासाठी काही गेममध्ये आवाजाची दिशा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. फोर्टनाइटमध्ये पावले, गोळीबार आणि पेट्या यांच्या खुणा पडद्याच्या मध्यबिंदूभोवती उमटतात आणि सोबत आवाजही चालू ठेवता येतो. गेम निवडताना ही सोय आहे का, हे पाहायला विसरू नका.

हेडफोन मात्र असा घ्या की ज्यात मधले स्वर स्वच्छ आहेत आणि बेस माफक आहे. दोन्ही बाजूंचा आवाज एका कानात एकत्र आला की गर्दी होते आणि आधी सांगितलेले झाकले जाणे अधिक जाणवते. व्ही-शेप प्रकार तुम्हाला बहुधा मानवणार नाही. तुमची श्रवणचाचणी झालेली असेल, तर तिच्या आलेखात डाव्या कानाला कोणता पट्टा कमी ऐकू येतो ते पाहून तेवढाच पट्टा इक्वलायझरने हळूहळू उचलून पाहता येईल.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी सुटीत रोज तीन-चार तास हेडफोन लावून खेळते. आवाज कमी कर म्हटले की ती म्हणते, ‘मग पावले ऐकू येत नाहीत.’ तिच्यासाठी वेगळा हेडफोन घेऊ का?

उत्तर : तुमची मुलगी सांगते ते खरे आहे आणि तुमची काळजीही रास्त आहे. गेममध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजांतले अंतर फार असते. पावले ऐकू यावीत म्हणून पातळी वाढवली की पुढचा स्फोट त्याच वाढलेल्या पातळीवर कानावर आदळतो. त्यामुळे हेडफोन बदलण्याआधी गेमच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा कमी डायनॅमिक रेंजचा पर्याय आहे का, ते दोघींनी मिळून पाहा. तो चालू केला की स्फोट खाली येतात, पावले वर येतात आणि एकूण आवाज कमी ठेवूनही खेळता येते. अंतराचा अंदाज यात थोडा बोथट होतो, म्हणून ती सुरुवातीला कुरकुर करील. संगीताची पातळी वेगळी कमी करता येत असेल, तर तीही करा.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी दिलेली मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांसाठी ७८ डेसिबलला २० तास आणि ८१ डेसिबलला १० तास. रोज तीन-चार तास खेळणाऱ्या मुलीचे आठवड्याचे सुमारे २१ ते २८ तास होतात, तेव्हा तिची पातळी ७५ च्या आसपासच राहायला हवी. फोनशी जोडलेल्या हेडफोनची पातळी अनेक फोन स्वतः मोजून दाखवतात आणि त्यावर मर्यादाही घालता येते. गेमसाठी ती सोय वापरून घ्या.

यानंतरही हेडफोन घ्यायचा ठरलाच, तर कानाभोवती नीट बसणारा, हलका, बंद प्रकारचा घ्या, म्हणजे बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागणार नाही. वरच्या स्वरांची फार धार असलेला टाळा. आणि निवड तिलाच करू द्या. तिच्या आवडीचा गेम लावून, आवाजाची पातळी तुम्ही ठरवून, दोन-तीन हेडफोन तिला ऐकू द्या. ज्या हेडफोनवर तिला त्या कमी पातळीतच पावले ऐकू येतील, तोच तिच्यासाठी योग्य. खेळून उठल्यावर कानांत शीळ वाजल्यासारखे होते का, हे तिला अधूनमधून विचारत जा. तसे होत असेल आणि ते दुसऱ्या दिवशीही राहत असेल, तर हेडफोनचा विचार बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तिची श्रवणचाचणी करून घ्या.